बेंबी असलेला मासा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'मुशी' एवढेच सांगितले. टेलिफोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग ते संकोचाने म्हणाले, "सर, वैशाखात लोकांना जरा गारवा वाटेल असे काही चालले असते." मी त्यांना सांगितले की, समुद्राइतका गार विषय मजपाशी दुसरा नाही. तेव्हा आज आपणांस गारवा वाटला नाही तर तो दोष माझा, चिटणीसांचा नव्हे.

प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली, आणि ती सारी पुण्यात, म्हणजे समुद्रापासून शंभर मैल दूर. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या काळी बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतले असेल, त्यांना मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी खिळलेली मुशी आठवत असेल, आणि तिच्याबरोबर फॉर्मॅलिनचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वासही. कवटीवरची कूर्चा पातेच्या अग्राने हलके खरवडायची आणि मेंदूपासून निघालेल्या नसा न तोडता उघड्या करायच्या, ही परीक्षेची हमखास मागणी. ह्या माशाचे शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन. त्यावरचा प्रमाणग्रंथ १९२८ साली लखनौहून निघाला, आणि तो लिहिणाऱ्या तिलयम्पलम् ह्या विदुषी होत्या. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात बसून एका बाईंनी हिंदी समुद्रातल्या मुशीची नस अन् नस लिहून काढावी, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. आमच्या मुशी मुंबईहून येत. तिथली ससून गोदी १८७५ साली सुरू झाली, आणि त्याच साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. योगायोगच हा, पण आज येथे उभा राहताना तो माझ्या मनातून जात नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून ही विच्छेदने कमी करीत आणली आणि २०१४ साली बंद केली. त्या वेळी मी मनाशी एक हिशेब मांडला होता. वर्षाला चाळीस विद्यार्थी, प्रत्येकाला चार मुशी, आणि अशी अठ्ठावीस वर्षे. उत्तर साडेचार हजारांच्या आसपास येते. तो आकडा मी कोणाला सांगितला नव्हता. तो सांगण्याची वेळ गेल्या एप्रिलात मालवणला आली.

झाले असे की, माझ्या एका तरुण सहकाऱ्याने एकोणीस मुलामुलींची सहल मालवणला न्यावयाची ठरविली, आणि म्हाताऱ्यालाही बरोबर घेतले. सहलीचा हेतू किल्ला पाहण्याचा नव्हता. बंदरावर उतरणाऱ्या मुशी आणि पाकट मोजावयाच्या, त्यांची जात, लांबी व नर-मादी लिहावयाची, आणि कोळ्यांशी बोलावयाचे, असा बेत होता. फोंडाघाट उतरताना निम्म्या वर्गाला गाडी लागली. सागरी जीवनाचे पुढचे संशोधक रस्त्याच्या कडेला लिंबू चोखीत बसलेले पाहून, खलाशी होण्याचा विचार ह्यांपैकी कोणी करू नये असे मला वाटले. असो.

संध्याकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. ट्रॉलर लागत होते. टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा कल्ला चालला होता, आणि आमची मुले टेप व वह्या घेऊन सर्वांच्या पायांत येत होती. येथे कोकणात मुशीला 'मोरी' म्हणतात. वीतभर ते हातभर लांबीची, राखी रंगाची, चपट्या फावड्यासारख्या नाकाची जी मोरी ढिगाने पडलेली होती, तीच आमची वर्गातली स्कोलिओडॉन. पण त्या ढिगात एके ठिकाणी तीन-चार निराळी पोरे होती. डोके हातोडीसारखे आडवे पसरलेले, आणि त्या हातोडीच्या दोन टोकांना दोन डोळे. एका मुलीने त्यांतले एक पालथे होते ते उताणे केले आणि मला हाक मारली, "सर, ह्याच्या छातीशी जखम आहे."

ती जखम नव्हती. ती बेंबी होती.

माशाला बेंबी असते, हे ऐकून आपण हसलात. ती मुलेही हसली. पण गोष्ट खरी आहे. बांगडा किंवा सुरमई पाण्यात हजारो-लाखो अंडी सोडून मोकळी होते. त्यांतली बहुतेक खाल्ली जातात, काही जगतात. पुष्कळशा मुशींचा संसार असा नाही. त्यांची पिले आईच्या पोटात वाढतात. काही जातींत तर त्यांना चक्क वार असते, नाळ असते, आणि त्या नाळेतून आईचे पोषण मिळते. ॲरिस्टॉटलने ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या एका मुशीबद्दल हे लिहून ठेविले होते. लोकांना ते पटेना. पुढे दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १८४० च्या सुमारास, योहानेस म्युलर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने तशीच मुशी चिरून पाहिली, तेव्हा म्हातारा बरोबर होता असे ठरले. आपली स्कोलिओडॉन ह्या बाबतीत अनेकींच्या पुढे आहे. तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, त्यात पिवळा बलक नसल्यासारखाच. त्यामुळे गर्भ जवळजवळ आरंभापासूनच आईच्या जिवावर वाढतो, आणि पाच-सहा महिन्यांनी बारा ते पंधरा सेंटिमीटरचे पिलू जन्माला येते.

जन्मल्यावर नाळ तुटते, आणि दोन छातीपरांच्या मध्ये फट राहते. ती काही आठवड्यांत बुजते, नंतर फिकट वण राहतो, आणि पुढे तोही जातो. म्हणजे ज्या पिलाची बेंबी उघडी, ते जन्मून फार दिवस झालेले नाहीत, आणि ते पकडले गेले त्याच्या आसपासच कोठे तरी त्याच्या आईने ते घातलेले आहे. एका बेंबीवरून एवढे कळते. मुशींच्या सुइणीची खोली, असे काहीसे त्या उथळ पाण्याचे वर्णन करता येईल. ह्यासाठी फार मोठी यंत्रे लागत नाहीत. मासा उताणा करावयाचा आणि पाहावयाचे. अठ्ठावीस वर्षे मी मुशी उताण्या केल्या, पण बेंबीकडे कधी पाहिले नाही. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

मुलांच्या वहीत मग एक नवा रकाना पडला. त्यात 'उघडी', 'बुजत आलेली' आणि 'नाही' ह्यांपैकी एक लिहावयाचे. त्या संध्याकाळी हातोडीच्या डोक्याच्या पिलांत आणि परांची टोके काळी असलेल्या दुसऱ्या एका मोठ्या जातीच्या पिलांत बहुतेकांची बेंबी उघडी निघाली. दोन दिवसांच्या मोजणीला शास्त्रात किंमत नसते, हे मी मुलांना तिथेच सांगितले, आणि येथेही सांगतो.

तेवढ्यात ज्या मावशीची ती टोपली होती तिने विचारले, "काय बघतास?" त्या मुलीने मोठ्या उत्साहाने सांगितले की, ही तान्ही पिले आहेत, ही जात जगात नाहीशी होत चालली आहे, ही विकू नयेत. मुलगी खोटे बोलत नव्हती. ह्या कानमुशीला २०१९ पासून जागतिक यादीत अत्यंत संकटग्रस्त मानलेले आहे. पण ती हे सांगत होती ते कोणाला, इकडे तिचे लक्ष नव्हते. मावशीने हातातला कोयता खाली ठेविला. "मेलेली मोरी जाळ्यात इली, ती काय परत जिती होतली?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि मास्तरांनू, पयली मोरी पिंपां भरान कोणी नेल्यानी? कॉलेजवाल्यांनीच ना?"

मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. तेव्हा मी तो साडेचार हजारांचा आकडा सांगितला. मावशीला त्याचे फारसे काही वाटलेले दिसले नाही. एका बऱ्या दिवशी धक्क्यावर किती मोरी उतरते, हे तिला ठाऊक होते. पण मुले बराच वेळ गप्प होती.

रात्री खाणावळीत जेवणात मोरीचे कालवण आले. घरच्या वाटपाचे, तिरफळाचा वास असलेले. त्याच मुलीने वाटी बाजूला सारली. खाणावळवाल्या बाईंनी विचारले, "आवडलां नाय?" मुलीने कारण सांगितले. बाई काही न बोलता वाटी घेऊन गेल्या. मी खात होतो, आणि हात कोठे थांबवावा हे मला कळेना. आमच्यात देवगडकडचा एक मुलगा होता. त्याचे वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. दिवसभर त्याने फार थोडे शब्द उच्चारले होते. जेवणानंतर ओसरीवर तो म्हणाला, "माझी बहीण बाळंत झाली तेव्हा आईने तिला महिनाभर मोरी घातली. दूध यावे म्हणून. सुरमई घालायला पैसे नव्हते."

ह्यावर जो वाद झाला तो मध्यरात्रीपर्यंत चालला. त्यात मी मध्यस्थ म्हणून काही गोष्टी सांगितल्या, त्या थोडक्यात आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट कायद्याची. १९९०च्या दशकात गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची, म्हणजे मुशींतल्या त्या अजस्र पण निरुपद्रवी जातीची, मोठी कत्तल होत असे. २००० साली त्यावरचा एक चित्रपट लोकांनी पाहिला, आणि २००१च्या मे महिन्यात ती जात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली. दोनच महिन्यांनी सरकारने साऱ्याच मुशी व पाकट त्या अनुसूचीत घातले. म्हणजे सकाळी बाजारात मोरी विकणारी प्रत्येक बाई संध्याकाळी वाघाच्या शिकाऱ्याएवढी अपराधी! किनाऱ्यावर साहजिकच ओरड झाली, आणि त्याच डिसेंबरात यादी दहा जातींवर आणण्यात आली. पुढे २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात टाकण्यास बंदी झाली, २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली, आणि २०२२च्या दुरुस्तीने अनुसूची पुन्हा नव्याने लावल्या गेल्या. कागदावर इतके झाले. मात्र कोणती मुशी कायद्यातली आणि कोणती बाहेरची, हे धक्क्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात कोणी ओळखावयाचे, हा प्रश्न तसाच राहतो. आमच्या पदवीच्या वर्गालाही त्या संध्याकाळी ते नीट जमले नव्हते.

गुजरातमध्ये कायद्याने जे साधले नाही ते २००४ पासून निराळ्या रीतीने साधले. मोरारी बापूंनी लोकांना सांगितले की, ही मुशी म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे. तिला 'व्हाली' असे नाव दिले गेले. वनखात्याने फाटलेल्या जाळ्याची भरपाई देऊ केली. ज्या कोळ्यांनी पूर्वी गळ मारला होता, त्यांनीच पुढे आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिल्या. व्हेल शार्कच्या पोटी किती पिले असू शकतात, हे १९९५ साली तैवानला पकडलेल्या एका मादीवरून कळले होते. तिच्या पोटात तीनशेंवर गर्भ होते. महाराष्ट्रानेही २०१८च्या अखेरीपासून संरक्षित प्राणी सोडताना जाळे कापावे लागले तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई ठेविली आहे. देवगडच्या मुलाचे म्हणणे असे की, व्हेल शार्कसाठी जाळे कापता येते कारण ती एक असते आणि डोळ्यांना दिसते. डोल किंवा ट्रॉलच्या खोळीत हजार माशांखाली दबून आलेले हातभर पिलू बाहेर निघते तेव्हा मेलेलेच असते. त्याला भरपाई कशाची द्यावयाची? मजपाशी ह्याला उत्तर नव्हते. जाळ्याची भोके, ओढण्याचा वेळ, आणि पिले जिथे घातली जातात ते उथळ पाणी काही महिने मोकळे ठेवणे, ह्यांचा विचार करावा लागेल एवढे मी म्हणालो. पावसाळ्यातली जून-जुलैची बंदी कोळी पाळतातच. पण कोणते पाणी आणि कोणते महिने, हे त्या बेंबीच्या रकान्यावरूनच कळावयाचे, आणि तो रकाना वर्षानुवर्षे भरावा लागेल.

दुसरी गोष्ट त्या मुलीच्या प्रश्नाची होती. मुशी गेल्या तर समुद्राचे काय होते? पाठ्यपुस्तकातले उत्तर सोपे आहे: शिरोभागीचा शिकारी गेला की खालची साखळी बिघडते. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचा उपसागर आहे. तिथे पाण्याखाली गवताची कुरणे आहेत, ती चरणाऱ्या समुद्रगायी आहेत, आणि त्यांच्या मागावर वाघमुशी असतात. तेथे वर्षानुवर्षे पाहणी केल्यावर असे दिसले की, वाघमुशीचा वावर वाढला की समुद्रगायी चांगल्या चाऱ्याची पण धोक्याची कुरणे टाळतात. मुशी प्रत्येक गाय खात नाही. तिच्या नुसत्या भीतीने गवत वाचते. आपल्याकडे वाघाच्या रानात हरणे एकाच जागी चरत राहत नाहीत, तसेच हे.

पण मी मुलांना दुसरीही कथा सांगितली, कारण शास्त्रात अशा गोष्टी लपवू नयेत. २००७ साली एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात असे प्रसिद्ध झाले की, अटलांटिकच्या किनाऱ्यावर मोठ्या मुशी घटल्या, म्हणून पाकटांची एक जात मोकाट वाढली, आणि तिने शिंपले खाऊन शंभर वर्षांचा धंदा बुडविला. कथा इतकी सुबक होती की सर्वांनी ती उचलली. मुशींच्या कैवाऱ्यांनीही उचलली. परिणाम काय झाला? लोक म्हणाले, मग पाकट मारा! पाकट खा आणि उपसागर वाचवा, असा प्रचार झाला, बाणांनी पाकट मारण्याच्या स्पर्धा भरल्या. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच हिशेब पुन्हा तपासला, तेव्हा मूळ साखळीच पुराव्याला टिकेना. पाकटाची ती मादी वर्षाला साधारण एकच पिलू घालते. ती मोकाट वाढणार तरी कशी? मुशीला वाचविण्यासाठी सांगितलेल्या अर्धवट गोष्टीने मुशीच्या चुलतभावाचा जीव घेतला. मी मुलीला म्हणालो, तुझे म्हणणे चुकीचे नाही. जगातल्या मुशी व पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती संकटात आहेत, असा २०२१चा निष्कर्ष आहे. खुल्या समुद्रातल्या मुशी १९७० पासून सुमारे सत्तर टक्क्यांनी घटल्या, असा त्याच वर्षीचा दुसरा. आपल्या देशात १९९८च्या सुमारास ह्या वर्गाचे उत्पन्न पाऊण लाख टनांच्या घरात होते, ते वीस वर्षांनी बेचाळीस हजारांवर आले. एवढे आकडे पुरेसे आहेत. त्यांवर आणखी रंग चढविण्याची गरज नाही, आणि मावशीची टोपली हे ह्या घटीचे मूळ नव्हे.

त्या मुलाकडे वळून मी एवढेच म्हणालो की, स्कोलिओडॉन एक-दोन वर्षांत वयात येते, तिच्याबद्दल घाई करू नये. पण कानमुशीच्या मादीला वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. तुझ्या बहिणीच्या वाटीतली मोरी पहिल्या जातीची असेल तर पुढच्या पिढीलाही मिळेल, दुसऱ्या जातीची असेल तर शंका आहे. त्याने विचारले, "मग आईला ते कोण सांगणार?" मी म्हणालो, "तू." तो हसला नाही.

एक आठवण मध्येच येते, ती सांगून टाकतो. माझ्या लहानपणी आई मला चमच्याने मुशीचे तेल पाजीत असे. महायुद्धात युरोपातले कॉडचे तेल येईनासे झाले, तेव्हा आपल्याकडे मुशीच्या यकृतातून तेल काढण्याचा उद्योग पुढे आला. १९४७ साली अ जीवनसत्त्व कारखान्यात तयार करण्याची रीत सापडली आणि पुढे त्या तेलाचे महत्त्व ओसरले. तोवर माझ्या पिढीची निम्मी दृष्टी मुशीच्या यकृतावर पोसलेली होती. तेव्हा तिच्याशी आमचे देणे जुने आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. मुले दोरीला लागली. हातांची साले गेली, तरी कोणी सोडली नाही. जाळे उथळात आले तेव्हा त्यात तारली, पेडवे, थोडे बांगडे, आणि एक कानमुशीचे पिलू होते. दीड फूट असेल. जिवंत होते. मुलीने ते उताणे करून पाहिले, टेप लावली, आणि म्हाताऱ्या रापणकाराला विचारले की, मी ह्याचे पैसे देते, सोडता का?

"आज तुमी पैशे देतल्यात," तो म्हणाला, "उद्या कोण देतलो?" त्याने पैसे घेतले नाहीत. थोडा वेळ त्या पिलाकडे पाहिले, आणि ते देवगडच्या मुलाच्या हातांत दिले. "सोड पाण्यात. जगता काय बघ."

मुलगा कमरेएवढ्या पाण्यात गेला. मुशीच्या काही जातींना पोहत राहावे लागते, त्यांच्या कल्ल्यांतून पाणी वाहते राहिले नाही तर त्या गुदमरतात. हे त्याला वर्गात सांगितलेले होते की घरून ठाऊक होते कोण जाणे, पण तो ते पिलू दोन्ही हातांवर धरून पाण्यात हळूहळू पुढे चालवीत राहिला. बराच वेळ. आम्ही वाळूत उभे होतो. रापणकार मासळी वाटून घेऊ लागले होते. परत आला तेव्हा हात रिकामे होते. मुलीने विचारले, "काय झाले?" "गेली," तो म्हणाला. कोणत्या अर्थाने, ते तिने विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

वहीत त्या नोंदीपुढे लांबी आहे, मादी असे लिहिले आहे, बेंबीच्या रकान्यात 'उघडी' आहे. शेराचा रकाना कोरा आहे. पुण्याला निघण्यापूर्वी त्या मुलाने कोऱ्या वहीत तेच रकाने आखून ती मावशीच्या नातवाला दिली. तो आठवीत आहे. महिन्याला तो पानांची छायाचित्रे फोनवर पाठवितो. मे महिन्याची आली, जून-जुलैत बंदी होती, ऑगस्टपासून पुन्हा येऊ लागली. दोन महिने काहीच आले नाही, तेव्हा त्याची परीक्षा होती असे कळले. आमची मूळ वही मी आज बरोबर आणली आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहावयाची असेल, त्यांनी व्यासपीठाजवळ यावे. तिला अजून थोडा वास आहे, तेवढा सोसावा.